तेरा आठवडे आणि एक डॉलर

जयंतीबाईंच्या, कॅनडातल्या मिसिसागाच्या स्वयंपाकघरात दोन पंचांगं होती. एक फ्रिजच्या दारावर, तिथी-नक्षत्रांचं, दरवर्षी मिरजेहून कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून लोणच्याच्या बरणीला गुंडाळून येणारं. दुसरं शेजारच्या भिंतीवर, दीनानाथरावांनी स्वतः आखलेलं. निवृत्त इंजिनिअर माणूस. रेघा अशा काढलेल्या की मुंगीनंसुद्धा वाकडं चालू नये. त्यात हिरवे आठवडे होते, लाल आठवडे होते, सात डिसेंबरला दुहेरी चौकट होती, आणि एकतीस डिसेंबरवर एवढं मोठं उद्गारचिन्ह होतं की नव्या पाहुण्याला वाटावं, त्या दिवशी प्रलय आहे.

मौज अशी, की पहिल्या पंचांगाला दीनानाथराव सत्तेचाळीस वर्षं हसत आले होते. "आकाशातला एक दगड दुसऱ्या दगडाच्या आड गेला, म्हणून तू आज सोफा विकत घ्यायचा नाहीस?" असं ते म्हणत. आणि आता तेच रोज सकाळी चहाचा कप घेऊन आपल्या तक्त्यासमोर उभे राहत, चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "आज काही करता येणार नाही. अजून आठवडा भरायचाय."

हे सगळं नातीसाठी होतं. ऋचा जन्मली त्या नव्व्याण्णव सालीच त्यांनी तिच्या शिक्षणासाठी बचत योजना उघडली होती, आजोबा आणि आजी दोघांच्या नावावर. दरवर्षी दोन हजार डॉलर हे घालणार, वर सरकार आपलं अनुदान घालणार, आणि सगळं मिळून अठरा वर्षं वाढत राहणार. घालणं सोपं होतं. काढणं म्हणजे अभिमन्यूची गत. आपण घातलेली मुद्दल केव्हाही काढा, तिला कर नाही. पण अनुदान आणि वाढ काढली की ती त्या वर्षातली विद्यार्थ्याची कमाई धरतात. विद्यार्थ्याची कमाई मुळातच तुटपुंजी, त्यामुळे वाढ वर्षावर्षांत वाटून काढली तर कर लागत नाही, एकदम काढली तर लागतो. मूल शिकलंच नाही तर सरकार अनुदान परत घेऊन जातं. आणि सगळ्यांत मोठी मेख अशी, की शिक्षण सुरू झाल्यापासून पहिले तेरा आठवडे वाढीतून पाच हजारांच्या वर एक डॉलरही हलत नाही.

म्हणून दीनानाथरावांचा बेत ठरलेला होता. पाच हजार या वर्षात, म्हणजे दोन हजार सतरा संपायच्या आत. तेरा आठवडे भरले की मग जानेवारीत मोठी रक्कम, नव्या वर्षाच्या हिशोबात. मुद्दलाला हात लावायचा नाही, ती सगळ्यांत शेवटी. हा त्यांचा धर्म होता आणि त्याला अपवाद नव्हता.

बेतात पहिली माशी शिंकली ती जयंतीबाईंच्या हातून.

ऑगस्टमध्ये अर्ज भरायचा होता. दीनानाथरावांचा हात हल्ली कापायचा, म्हणून ते सांगत होते आणि जयंतीबाई लिहीत होत्या. त्यांचं अक्षर पहिल्यापासून मोत्यासारखं. "रक्कम, पाच हजार," दीनानाथराव म्हणाले. जयंतीबाईंनी पेन टेकवलं आणि त्यांचा हात थांबला. नात घराण्यातली पहिलीच मुलगी इथल्या विद्यापीठात चाललेली, तिच्या विद्येसाठी आजी-आजोबांच्या हातून जाणारे पहिले पैसे, आणि ते शून्यावर संपणारे? मुंजीत, बारशात, लग्नात त्यांनी आयुष्यात कुणाला असं पाकीट दिलं नव्हतं. पन्नास दिले तर एक्कावन्न, शंभर दिले तर एकशेएक. शून्य म्हणजे देणं संपलं. वरचा एक म्हणजे आणखी द्यायचंय, नातं चालू आहे. त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं, पाच हजार एक. सही केली. दीनानाथरावांनीही न वाचता खाली सही केली, कारण सत्तेचाळीस वर्षांत बायकोच्या लिहिण्यात त्यांना चूक सापडली नव्हती.

सप्टेंबरच्या मध्यावर अर्ज परत आला. सोबत नम्र पत्र: मागितलेली रक्कम मर्यादेपेक्षा एक डॉलरनं जास्त आहे.

दीनानाथरावांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग अर्ज वाचला. मग ते इतक्या हळू आवाजात बोलले की जयंतीबाईंना खरंच भीती वाटली.

"हा एक कुठून आला?"

"मी घातला."

"का?"

"शुभ असतो."

"शुभ!" आता मात्र आवाज चढला. "अगं, सरकारी नियम आहे हा! सत्यनारायणाची दक्षिणा नाही!"

तोवर विद्यापीठाची फी भरायची तारीख उलटून गेली होती. ऑटव्याहून मुलाचा, शंतनूचा फोन आला. फी त्यानं आपल्या खात्यातून भरली होती, उशिराच्या दंडासकट. "आई, एका डॉलरसाठी मी लेट फी भरली," तो म्हणाला. "ऑफिसमध्ये सांगितलं तर कुणी बिलीव्ह करणार नाही."

"मग सांगू नकोस," जयंतीबाई म्हणाल्या.

खरं तर दुसरा अर्ज लिहायला दहा मिनिटं पुरली असती. पण दोघांच्या सह्या लागायच्या, आणि जयंतीबाई पाच हजारांच्या अर्जावर सही करेनात. त्यांचंही म्हणणं आडमुठं नव्हतं. एक वर चढवता येत नसेल तर खाली उतरा. चार हजार नऊशे एक लिहा, नियमही राहील आणि रीतही.

"म्हणजे नव्व्याण्णव डॉलर या वर्षातून वाया घालवू?" दीनानाथराव म्हणाले. "बिनकराची जागा रिकामी सोडू?"

"रिकामी जागा काय दुखते तुम्हाला?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"माझाही."

अर्ज डायनिंग टेबलावर पडून राहिला. त्याच्यावर आधी वर्तमानपत्र आलं, मग ग्रोसरीच्या पावत्या, मग एक कोबी.

दर गुरुवारी मात्र दीनानाथराव नेमानं ऋचाला लंडनला, विलायतेतल्या नव्हे, इथल्या कॅनडातल्याच लंडनला, फोन करत. शिक्षण सुरू झालं तो सात सप्टेंबर गुरुवार होता, त्यामुळे गुरुवारी आठवडा भरे. काही लोक गुरुवारी उपास करतात, हे आठवडा मोजत.

"आज चौथा भरला. एनरोल्ड आहेस ना?"

"येस आबा, आय ॲम एनरोल्ड."

"व्हेरी गुड." आणि तक्त्यावर बरोबरची खूण. पोर जेवते का, झोपते का, रडते का, हे त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. ते जयंतीबाई विचारत, आणि ऋचा "आय ॲम फाइन, आज्जी" म्हणे. पण तिच्या आवाजात काहीतरी रिकामं वाजे. शिजायला टाकलेल्या डाळीचं पाणी आटत आलं की आवाज बदलतो ना, तसं.

सहावा आठवडा भरला तो लक्ष्मीपूजनाचा दिवस. त्या वर्षी दोन्ही पंचांगं एकाच चौकोनात आली होती. ऋचा बसनं घरी आली, दारातच आजीच्या गळ्यात पडली, आणि जयंतीबाई तिथल्या तिथे थिजल्या.

पोरीच्या जॅकेटला वास होता. जळक्या केसांचा, जळक्या नखांचा म्हणावा असा. इथे कुणालाही तो घाणच वाटला असता. जयंतीबाईंना मात्र साठेक वर्षांपूर्वीचं मिरज स्टेशन दिसलं. टांग्यांचा अड्डा, चिंचेखाली दस्तगीर नालबंद, घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसलेला. तापलेली नाल तो खुरावर टेकवायचा आणि पांढरा धूर उठायचा. शाळेत जाताना त्या तिथे थांबायच्या, आणि रोज उशीर झाला म्हणून रोज छड्या खायच्या. "घोड्याला दुखत नाही का, चाचा?" असं विचारलं, तर दस्तगीर म्हणायचा, "तू नखं कापतेस तेव्हा तुला दुखतं का, पोरी?"

जिन्याखाली जॅकेट टांगता टांगता त्यांनी हळूच विचारलं, "कुठल्या घोड्याला नाल मारून आलीस?"

ऋचाचा चेहरा पडला. "आज्जी, हाऊ डू यू नो?"

मग बेसमेंटमध्ये, धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर बसून, पोरीनं सगळं सांगितलं. अर्थशास्त्राच्या वर्गात तिचा जीव घुसमटायचा. चारशे मुलं, पडद्यावर आलेख, आणि तिला वाटायचं की आपण काचेच्या पलीकडून बघतोय. एकदा मैत्रिणीबरोबर गावाबाहेरच्या तबेल्यात गेली. तिथे एक म्हातारा नालबंद यायचा. त्यानं सहज सांगितलं, जरा पाय धर. तिनं धरला.

"आणि?"

"आणि तो इतका हेवी होता, आज्जी, आणि घोड्यानं पूर्ण वेट माझ्यावर टाकलं. ट्रस्ट केलं मला. त्यानंतर मी लेक्चरला गेलेच नाही." तिनं मोजा काढून पायाचा अंगठा दाखवला. नख काळंनिळं. "हे इथे त्यानं पाय ठेवला. इट वॉज माय फॉल्ट."

आल्बर्टात एका कॉलेजात नालबंदीचा रीतसर अभ्यासक्रम होता. तिनं तिथे अर्ज केला होता. जागा भरल्या होत्या, पण कुणी गळालं तर बोलावणार होते.

"आबांना सांगू नकोस ना. ही विल डाय."

"ते इतक्यात मरत नाहीत," जयंतीबाई म्हणाल्या. "एकतीस डिसेंबरच्या आत तर नाहीच."

नऊ नोव्हेंबरला, नववा आठवडा भरला त्या दिवशी, ऋचा पुन्हा दारात उभी राहिली. आल्बर्टातून पत्र आलं होतं. एक विद्यार्थी गळाला. वीस नोव्हेंबरला हजर झाली तर जागा तिची. नाहीतर पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून.

यावेळी तिनं आबांना स्वतः सगळं सांगितलं, काळ्यानिळ्या अंगठ्यासकट, उभ्या उभ्या, हात मागे बांधून. ऑटव्याला आईवडिलांना तिनं आधीच फोन केला होता. तिची आई सीमा रडली होती आणि शंतनू म्हणाला होता, आबांना पटव, मग बघू. जयंतीबाई ओट्याशी पोळ्या लाटत होत्या, पण लाटणं एकाच जागी फिरत होतं. नालबंद! टोरांटोच्या कारखान्यात पूल आणि क्रेन आखलेल्या माणसाची नात घोड्यांना नाल ठोकणार! आता आभाळ कोसळणार म्हणून त्या वाट बघत राहिल्या.

दीनानाथरावांनी सगळं शांतपणे ऐकलं. "ते कॉलेज सरकारमान्य आहे?"

"हो."

"पूर्ण वेळ?"

"हो, आबा."

"मग योजनेचे पैसे चालतील." त्यांनी मान डोलावली. "काम वाईट नाही. लोखंडाचंच आहे. तापमान, वजन, भार कुठे पडतो, सगळं आलं त्यात. जा."

ऋचानं श्वास सोडला. जयंतीबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"पण सात डिसेंबरनंतर," दीनानाथराव म्हणाले.

"व्हॉट?"

"तेरा आठवडे सात डिसेंबरला भरतात. त्याआधी सोडलंस तर नव्या अभ्यासाचे नवे तेरा आठवडे पहिल्यापासून मोजायचे. जानेवारीचा माझा सगळा बेत फेब्रुवारीच्या पार जातो. घोड्याला नाल ठोक, हत्तीला ठोक, माझं काही म्हणणं नाही. पण आठ डिसेंबरपासून."

"आबा, दे वोन्ट वेट! वीस तारखेला क्लास आहे!"

"त्यांना लिहू आपण. करसवलतीचं कारण कुणालाही पटतं."

"घोड्यांना?"

"उद्धट बोलू नकोस."

मग त्यांनी तिला तक्त्यासमोर नेलं आणि छडीऐवजी फूटपट्टी घेऊन अर्धा तास समजावून सांगितलं. पोरगी हिरव्या-लाल चौकटींकडे बघत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. दीनानाथरावांना वाटलं, विषय अवघड जातोय. ते पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सांगू लागले.

"पुरे," जयंतीबाई म्हणाल्या.

"तू मध्ये पडू नकोस. तुझ्या एका डॉलरनं आधीच..."

"मला एक सांगा. माझा वनस्पतिशास्त्राचा पहिला पेपर किती तारखेला होता?"

दीनानाथराव गोंधळले. "कसला पेपर?"

"बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा. सत्तर साली, सांगलीला. वीस एप्रिलला होता. आणि आपलं लग्न नऊ एप्रिलला. अकरा दिवस. मी हात जोडले होते सगळ्यांच्या पुढे. अकरा दिवस थांबा म्हटलं. तर म्हणाले, पुढे शुक्राचा अस्त आहे, मुहूर्त नाही."

ऋचा डोळे पुसायचं विसरली. आजी कॉलेजात होती, हे तिला नवीन होतं.

"तो मुहूर्त तुझ्या वडिलांनी काढला होता," दीनानाथराव म्हणाले. "मी कधी मानलंय ते सगळं?"

"आणि तीन आठवड्यांची रजा घेऊन कोण आलं होतं कॅनडाहून? परतीचं तिकीट कुणी काढून ठेवलं होतं? वडिलांचा शुक्र आणि तुमचं विमान, दोघांनी मिळून माझा पेपर खाल्ला. मी कुणाला बोलले नाही. पण सत्तेचाळीस वर्षं तुम्ही माझ्या पंचांगाला हसताय, तेव्हा मी मनात म्हणते, निदान त्यात लिहिलेलं असतं तरी की हे ग्रहांमुळे आहे. तुमच्यात तर तेही नाही."

स्वयंपाकघरात तव्यावरची पोळी करपत होती. कुणी उलटली नाही.

"मला एकच हिशोब करून द्या," जयंतीबाई शेवटी म्हणाल्या. "ही पोर तुमच्या तेरा आठवड्यांच्या आधी गेली, तर नुकसान किती? आकडा सांगा. मग मी गप्प बसते."

"भरपूर," दीनानाथराव म्हणाले.

"भरपूर हा आकडा नाही."

ते जेवण झाल्यावर बसले. कागद, कॅल्क्युलेटर, योजनेची फाइल, कराची पुस्तिका. दुपारचे तीन वाजले. ऋचा सोफ्यावर झोपून गेली. जयंतीबाईंनी दोनदा चहा नेऊन ठेवला आणि दोनदा गार कप परत आणला. एकदा त्यांना दिसलं, की दीनानाथरावांनी पूर्ण कागद खोडून नवा घेतलाय. पुन्हा दिसलं, तोही खोडलाय. पाच वाजता ते उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेकडे बघू लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

जयंतीबाईंनी टेबलावरचा कागद उचलला. सुरेख आखलेला होता. मोठी रक्कम जानेवारीऐवजी फेब्रुवारीच्या शेवटी निघाली तरी वर्ष तेच, त्यामुळे करात फरक: शून्य. अनुदान बुडणं: शून्य. विद्यापीठाची या सत्राची फी: दोन्हीकडून गेलेलीच. राहता राहिलं एवढंच, की नव्या कॉलेजची फी आणि हत्यारं यांसाठी बारा हजारांची मुदतठेव आधी मोडावी लागणार, तीन महिन्यांचं दोन टक्क्यांनी व्याज जाणार. खाली दोन रेघा ओढून उत्तर लिहिलं होतं.

साठ डॉलर.

त्या वर गेल्या, कपाटातल्या साड्यांमागून बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात त्यांचे स्वतःचे पैसे असत. खाली आल्या, एक पाकीट घेतलं, त्यावर बोटानं हळद आणि कुंकू लावलं, आणि खिडकीपाशी जाऊन नवऱ्याच्या हातात दिलं.

दीनानाथरावांनी उघडून पाहिलं. वीसच्या तीन नोटा, आणि वर एक डॉलरचं पिवळं नाणं.

"हे काय?"

"तुमचं नुकसान. तारीख विकत घेतेय मी."

"साठच होतात," त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं. आणि मग त्यांनी ते नाणं पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. हसू दाबताना त्यांची मान हलायची, तशी हलली. की ते हसू नव्हतं, जयंतीबाईंना पाठीमागून नीट कळलं नाही.

"वीस एप्रिल," ते काचेकडे बघत म्हणाले. "तू मला तेव्हा सांगायचं होतंस."

"तुम्ही विमानाचं तिकीट दाखवत होतात सगळ्यांना. कुणाला सांगणार?"

पाकीट त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. परत केलं नाही, आणि तेच जयंतीबाईंना आवडलं. परत केलं असतं तर सौदा मोडला असता.

त्या संध्याकाळी दीनानाथरावांनी शंतनूला स्वतः फोन केला. "तिला जाऊ दे. मी आकडे तपासलेत," एवढंच म्हणाले, आणि घरात आकड्यांवर वाद घालायची प्रथा नव्हती. मग ऋचाचं विमानाचं तिकीट शोधायला बसले. स्वस्तातलं शनिवारी, अठरा नोव्हेंबरला मिळत होतं. बटण दाबणार तोच त्यांचा हात थांबला. उठून ते फ्रिजपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि मिरजेच्या पंचांगात नाक खुपसून उभे राहिले.

"अगं," ते संकोचून म्हणाले, "त्या दिवशी अमावस्या आहे."

ऋचा आजीकडे बघायला लागली. आजी कणीक मळत होती.

"विमान उडतं ना त्या दिवशी?"

"उडतं."

"मग काढा."

सोमवारी सकाळी जयंतीबाई चहाला खाली आल्या, तेव्हा टेबलावरचा कोबी जागेवर नव्हता. पावत्या नव्हत्या, वर्तमानपत्र नव्हतं. नवा कोरा अर्ज होता. या वेळी दीनानाथरावांनी स्वतः लिहिला होता, कापत्या हातानं, त्यामुळे अक्षरं पावसात भिजलेल्या कोंबड्यांसारखी उभी होती. जयंतीबाईंनी रकमेच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि वाचलं.

चार हजार नऊशे एक.

त्यांनी सही केली. स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला दीनानाथराव स्टुलावर चढून भिंतीवर नवा तक्ता चिकटवत होते. पहिली चौकट वीस नोव्हेंबर. हिरवी.

"दर सोमवारी फोन करावा लागेल आता," ते वरून म्हणाले. "तिला विचारायचं..." आणि थांबले.

"काय विचारायचं?"

"हेच. अंगठा कसा आहे."